टॉम अँड जेरी : नव्यांनी आधी काय बघावं?

वर कुणीतरी लिहिलंय, 'टॉम अँड जेरी कुठूनही लावा, सगळं सारखंच.' सारखं कसं ओ? नव्या माणसाला आधी 'द कॅट कॉन्सर्टो' (१९४७) दाखवा. कोट घालून ऐटीत पियानोला बसलेला टॉम आणि आत हातोड्यांवर झोपलेला जेरी. टॉमनं पट्टी दाबली की हातोडी खालून जेरीला उडवते. संगीतकार लिस्टची धून थांबत नाही, मारामारीही थांबत नाही. शेवटी टॉम गारद, आणि वाकून टाळ्या घेतो जेरी! ऑस्कर उगीच नाही मिळाला.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी. हे लावलं की आजीपासून नातवापर्यंत कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मग 'माउस इन मॅनहॅटन' (१९४५). टॉम जवळजवळ नाहीच, जेरी एकटाच न्यूयॉर्क बघायला निघतो. १९४० चा पहिला भाग मात्र नंतर. त्यात बोक्याचं नाव जॅस्पर आहे, पोरं गोंधळतात.

साठच्या दशकात प्रागमध्ये केलेले १३ भाग? मला तर शेंगा चटणीशिवाय भाकरी वाटतात. टॉम-जेरीचे मूळ जनक हॅना-बार्बेरा यांचे १९५८ पर्यंतचे ११४ भाग संपवा, मग बोलू.