वजन उतरवण्यासाठी सकाळची न्याहारी सोडावी का?

सुरंगी (कुडाळ)

नमस्कार मंडळी. माझे वय बेचाळीस, उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ६८ किलो आहे. दिवसभर कार्यालयात बैठे काम असते. माहेरी शेतीची आणि विहिरीवरून पाणी आणण्याची कामे अंगवळणी पडलेली होती, त्यामुळे वजनाचा विचार करण्याची वेळच कधी आली नाही. आता मात्र जिना चढताना धाप लागते आणि डॉक्टरांनी निदान सात-आठ किलो तरी उतरवा, असे बजावले आहे.

यावरून घरात दोन तट पडले आहेत. पोटाला आधार घेतल्याशिवाय माणसाने घराबाहेर पडू नये, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. त्या सकाळी घावने घालतात, नाहीतर उकड्या तांदळाची पेज करतात आणि मी ती न खाता निघाले की दिवसभर त्यांच्या जिवाला घोर लागतो. यजमानांनी मात्र यंदाच्या पावसाळ्यापासून दिवसातून दोनदाच जेवण्याचा नेम धरला आहे आणि न्याहारी बंद केल्याशिवाय चरबी हलणार नाही, असे ते मला रोज ऐकवतात.

मी सध्या नुसता चहा घेऊन सव्वाआठची एसटी पकडते. अकराच्या सुमारास कार्यालयात चहा येतो, त्याबरोबर दोन खाऱ्या किंवा बटर होतात. दीड वाजता डबा. त्यात भात, माशाचे सार किंवा डाळ आणि एखादी भाजी असते. संध्याकाळी घरी पोचते तेव्हा भुकेने जीव कासावीस झालेला असतो, त्यामुळे स्वयंपाक होईपर्यंत डब्यातला चिवडा आणि घरचे काजू यांवर हात चालतो. रात्री साडेनऊला पुन्हा भात. न्याहारी सोडूनही वजन जागचे हललेले नाही.

न्याहारी केल्याने चयापचय वाढतो आणि वजन उतरते, हे खरे आहे का? की न्याहारी सोडल्याने उतरते? यावर काही नीट अभ्यास झाले असतील, तर कृपया जाणकारांनी सांगावे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सुरंगीताई, अभ्यास भरपूर झाले आहेत, आणि त्यांचा कल आपल्या सासूबाईंच्या बाजूनेही पूर्णपणे नाही आणि यजमानांच्या बाजूनेही नाही.

न्याहारी करणारे लोक सडपातळ असतात, ही समजूत प्रामुख्याने निरीक्षणात्मक पाहण्यांमधून आली. लोकांना त्यांच्या सवयी विचारायच्या, त्यांची वजने घ्यायची आणि दोहोंचा संबंध जोडायचा, अशी ती रीत असते. अडचण अशी की, नियमाने न्याहारी करणारा माणूस बहुधा वेळेवर झोपतो, व्यायाम करतो आणि धूम्रपानही कमी करतो. मग वजन कमी असण्याचे श्रेय नेमके कशाला द्यायचे? अमेरिकेत वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांची एक मोठी नोंदवही १९९४पासून ठेवली जात आहे. तीमधील सुमारे ७८ टक्के लोक रोज न्याहारी करतात, असे २००२ साली प्रसिद्ध झाले आणि तो आकडा वर्षानुवर्षे पुरावा म्हणून फिरत राहिला. परंतु ज्यांचे वजन उतरले नाही, त्यांच्यापैकी किती जण न्याहारी करत होते, याचे उत्तर त्या नोंदवहीत मिळू शकत नाही.

खरा कस लागतो तो प्रयोगात, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने लोकांचे गट पाडून एका गटाला न्याहारी करायला आणि दुसऱ्याला सोडायला सांगितले जाते तेव्हा. २०१४ साली अमेरिकेत असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या ३०९ प्रौढांवर तो १६ आठवडे चालला आणि त्यात न्याहारीच्या सल्ल्याने वजनात कोणताही लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधील बाथ येथील संशोधकांनी सडपातळ माणसांवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाने सकाळी अकराच्या आत निदान ७०० कॅलरी खायच्या आणि दुसऱ्याने दुपारी बारापर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, अशी अट होती. विश्रांतीच्या अवस्थेतील चयापचयात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे न्याहारीने चयापचयाची भट्टी पेटते हेही खरे नाही आणि न खाल्ल्याने ती विझते हेही नाही. मात्र न्याहारी करणाऱ्यांची दिवसभरातील हालचाल स्पष्टपणे जास्त होती. त्यांनी खाल्लेही जास्त, आणि अखेरीस वजन दोघांचेही जवळपास तेवढेच राहिले.

२०१९ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी अशा १३ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात न्याहारी करणारे दिवसाला सरासरी सुमारे २६० कॅलरी अधिक घेत असल्याचे आणि न्याहारी सोडणाऱ्यांचे वजन सरासरी ०.४४ किलोने कमी असल्याचे दिसले. अर्धा किलोसुद्धा नाही! शिवाय त्यांतील बहुतेक प्रयोग अल्प मुदतीचे आणि सदोष होते, हे आढावा घेणाऱ्यांनीच नमूद केले आहे. तरीही सकाळी न खाणारा माणूस दुपारी त्याची दुप्पट भरपाई करतो, ही सार्वत्रिक म्हणून सांगितली जाणारी गोष्ट त्या आकड्यांत दिसत नाही, एवढे निश्चित.

सकाळी जास्त खावे की रात्री, हा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मतभेद आहेत. इस्राएलमध्ये ९३ स्त्रियांना बारा आठवडे रोज १४०० कॅलरींचाच आहार दिला. ज्यांना सकाळी ७०० कॅलरी मिळत होत्या त्यांचे वजन सरासरी ८.७ किलोने उतरले, तर रात्री ७०० कॅलरी घेणाऱ्यांचे ३.६ किलोने. हा निष्कर्ष २०१३ साली आला तेव्हा फार गाजला. पुढे २०२२ साली ॲबर्डीनच्या संशोधकांनी सर्व जेवण स्वतः पुरवून आणि ऊर्जेचा खर्च काटेकोरपणे मोजून ३० जणांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा दोन्ही पद्धतींत वजन सारखेच उतरले. फक्त सकाळी जास्त खाल्ल्यावर दिवसभर भूक कमी लागली. माझा विश्वास या दुसऱ्या प्रयोगावर अधिक आहे, कारण पहिल्यातील फरक सारख्या कॅलरींच्या मानाने न पटण्याइतका मोठा आहे.

तिठा (वेंगुर्ले)

खाडीकाठ यांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे, परंतु तिच्यातून न्याहारी सोडणे निरर्थक आहे असा समज कोणी करून घेऊ नये. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत मी स्वतः पाळतो आणि मला तिचा फायदा झाला आहे. मात्र ती पद्धत म्हणजे केवळ न्याहारीला रजा देणे नव्हे. दोन्ही जेवणे ५५ मिनिटांच्या आत उरकायची, मधल्या वेळेत दुधा-साखरेचा चहासुद्धा घ्यायचा नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, अशी तिची पूर्ण चौकट आहे. ताई सकाळी चहा घेतात, अकराला चहा-खारी घेतात आणि संध्याकाळी चिवडा खातात. याला न्याहारी सोडणे म्हणता येईल, पण दोनदा जेवणे म्हणता येणार नाही.

मला या पद्धतीतील सर्वांत मोठी सोय अशी वाटते की, तिच्यात मोजमाप करावे लागत नाही. आपल्याकडे कोणाच्याही घरी गेले तरी पुढ्यात बशी येतेच, आणि चतुर्थीच्या दिवसांत तर दहा घरांचे लाडू-करंज्या नाकारणे अवघड होऊन बसते. अशा वेळी माझी जेवणाची वेळ नाही, एवढे एकच वाक्य पुरते.

खाडीकाठ (रत्नागिरी)

तिठा, आपल्याला फायदा झाला याविषयी शंका नाही. पण तो वेळेच्या नियमामुळे झाला की मधले खाणे सुटल्यामुळे आणि चालण्यामुळे, हे वेगळे काढायला हवे. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या प्रयोगात एका गटाला दुपारी बारा ते रात्री आठ याच वेळेत खाण्याची मुभा होती. बारा आठवड्यांनंतर त्यांचे वजन तीन वेळा खाणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी झाले नव्हते. काय आणि किती खायचे याचे बंधन दोन्ही गटांवर नव्हते, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

पेजेची वाटी (चिपळूण)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे संशोधनापेक्षा ताईंच्या दिवसाकडेच अधिक पाहते.

प्रथम एक गोष्ट. आपल्या उंचीला ६८ किलो वजन म्हणजे देहवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २८च्या थोडा वर जातो. भारतीयांसाठी २५च्या पुढचा निर्देशांक स्थूलतेत धरला जातो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला रास्तच आहे.

आता सकाळच्या खाण्याकडे येऊ. एका घावनाला साधारण ३० ग्रॅम तांदळाचे पीठ लागते असे धरले, तर त्याच्या सुमारे ११० कॅलरी होतात. बिड्यावर, म्हणजे ओतीव लोखंडी तव्यावर, चमचाभर तेल सोडले की ४५ वाढतात. दोन घावने आणि थोडी खोबऱ्याची चटणी मिळून साडेतीनशेच्या आसपास जातात. पेजेत तांदूळ मूठभर आणि पाणीच अधिक असते, म्हणून ती याहून पुष्कळ हलकी. या सर्वांना टाळून आपण अकरा वाजता जे खाता ते पाहा. खारीचे पापुद्रे सुटतात ते मैद्याच्या थरांमध्ये घातलेल्या वनस्पती तुपामुळेच. ती हाताला हलकी लागते, बशीत चुरा सांडतो आणि दोन खाऱ्यांनी काहीच खाल्ल्यासारखे वाटत नाही. पोट भरत नाही, पण तूप मात्र पोटात जाते. संध्याकाळी मूठभर म्हणजे तीस ग्रॅम काजू खाल्ले, तर पावणेदोनशे कॅलरी होतात, आणि स्वयंपाकघरात उभ्याने खाताना एका मुठीवर कोण थांबते? थोडक्यात, सकाळी वाचवलेले दिवे लागण्याच्या वेळेला व्याजासह परत जाते. सरासरी माणूस भरपाई करत नसेलही, पण ताई करत आहेत आणि वजन त्यांचे उतरायचे आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, सकाळी भूक लागत असेल तर अवश्य खावे, परंतु त्यात प्रथिने असावीत. आपल्या न्याहारीत तांदूळ, तांदूळ आणि तांदूळच असतो, हा तिचा खरा दोष आहे. एक घावन कमी करून सोबत काळ्या वाटाण्याची उसळ, उकडलेले अंडे किंवा आदल्या दिवशीच्या साराच्या तुकड्या घ्याव्यात. पेज असेल तर तिच्याबरोबर नुसते लोणचे न घेता दाटसर कुळथाची पिठी घ्यावी. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि तो आपल्या घरात असतोच. सकाळी भूकच नसेल तर बळेबळे खाऊ नये. तशा वेळी अकराच्या खारीऐवजी डब्यातून उसळ न्यावी. चिवड्याचा डबा कुठे ठेवला आहे यालाही महत्त्व आहे, आणि रात्रीचा भात निम्म्यावर आणला तर आपण खा अथवा न खा, न्याहारीचा वाद बराचसा मिटेल.

जाता जाता विचारते, घरात कोणाला मधुमेह आहे का? आपल्या शेजारच्या गोव्यात त्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले होते. न्याहारी सोडण्याचा प्रश्न मधुमेहात वजनापुरता राहत नाही.

सुरंगी (कुडाळ)

सर्वांचे मनापासून आभार. अकराची खारी मी कधी खाण्यात धरलीच नव्हती. उद्यापासून एक घावन आणि उसळ खाऊन निघेन.

मला मधुमेह नाही, परंतु यजमानांना चार वर्षांपासून आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या ते सकाळी घेतात. दोनदा जेवण्याचा नेम त्यांनी व्हॉट्सॲपवरची माहिती वाचून धरला. गोळ्या मात्र पूर्वीसारख्याच सकाळी आठला घेतात आणि जेवतात दीड वाजता. मध्यंतरी एकदा अकराच्या सुमारास बागेत नारळ उतरवून घेताना त्यांना दरदरून घाम फुटला होता आणि हात थरथरत होते. उन्हामुळे झाले असेल, असे आम्हाला वाटले.

पेजेची वाटी (चिपळूण)

ताई, याला ऊन म्हणून सोडून देऊ नका. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. ती घेऊन साडेपाच तास उपाशी राहिल्यास, त्यातही अंगमेहनत केल्यास, रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम आणि थरथर ही त्याचीच लक्षणे आहेत. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही.

त्यांना दोनदाच जेवायचे असेल तर डॉक्टर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलून देऊ शकतात, परंतु ते ठरेपर्यंत त्यांनी गोळीबरोबर न्याहारी केलीच पाहिजे. गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. आजच डॉक्टरांना फोन करून जेवणाच्या बदललेल्या वेळा आणि बागेतला प्रसंग, दोन्ही सांगा. पुन्हा तसे झाले आणि ते शुद्धीवर असतील, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासा आणि ती वर आली नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्या.