मदत हवी आहे : सुधारित चूल निवडायला ताईंना कसं शिकवायचं?

जव्हार भागातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या बचत गटाच्या 14 ताईंचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचंय. पर्याय दोनच : धुराड्याची मातीची दोन वैलांची चूल आणि आयएस 13152 (सुट्या चुलींचं भारतीय मानक) चा शिक्का असलेली पत्र्याची सुटी चूल.

मागच्या वेळी लाकूड तोलून, 5 लिटर पाणी उकळून दाखवलं. पत्र्याची चूल सहज जिंकली. मग एका घरी तिच्यावर नागलीची भाकरी टाकली : मधे करपली, कडा कच्च्या. शिवाय तिच्यासाठी लाकडं वीत-वीत तोडायची. आजी म्हणाल्या, “कोयता तू चालवणार का?” धुराड्याच्या जुन्या चुली काजळीने तुंबल्यात, तो अनुभव वेगळाच.

गॅस सुचवू नका, बहुतेकांकडे आहे. सिलिंडर चहापुरता वापरतात. वीज बेभरवशाची, म्हणून पंख्याची चूल बाद. चुली फुकट वाटायच्या नाहीत. निम्म्या ताईंना वाचनाचा सराव नाही, म्हणजे तक्तेही नकोत.

पाण्याऐवजी भाकरी-भातावर तुलना करायची तर पीठ, लाकूड, स्वयंपाक करणारी बाई यांतलं काय काय सारखं ठेवायचं? आणि चूल सुचवण्याआधी ताईंनी घरात नेमकं काय बघायचं, काय विचारायचं?