स्वतःच्या कॉलेजात ऑर्थोची रेझिडेन्सी नसेल, तर अवे रोटेशन किती करावीत आणि कोठे?

प्रश्न (तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

मी अमेरिकेतील एका मेडिकल स्कूलमध्ये तिसऱ्या वर्षाला असून ऑर्थोपेडिक्सच्या रेझिडेन्सीसाठी (पदवीनंतरच्या विशेषज्ञ प्रशिक्षणासाठी) अर्ज करण्याचे ठरवले आहे. आमच्या स्कूलला ऑर्थोची स्वतःची रेझिडेन्सी नाही. संलग्न रुग्णालयातील दोन सर्जनांबरोबर मी चार आठवडे काम केले आणि ते शिफारसपत्रही देतील. परंतु रेझिडेंटच्या टीममध्ये राहून काम करण्याचा अनुभव मला अजिबात नाही. सल्लागार तीन अवे रोटेशन (दुसऱ्या संस्थेच्या विभागात महिनाभर विद्यार्थी म्हणून काम) सुचवतात, तर वरच्या वर्गातील मित्र चार केल्याशिवाय निभाव लागणार नाही असे सांगतात. या काळात पगार नसतो, घरचे भाडे चालूच राहते, तिकडचे वेगळे भरावे लागते, आणि हा सगळा खर्च मला शैक्षणिक कर्जातूनच करायचा आहे. शिवाय घरी पत्नी आणि चौदा महिन्यांची मुलगी आहे. एवढे महिने त्यांना सोडून जाणे खरोखर आवश्यक आहे का, नावाजलेले विभाग निवडावेत की जिथे निवड होण्याची शक्यता अधिक आहे ते, आणि एखादा महिना बिघडला तर काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (ऑर्थो रेझिडेंट, चौथे वर्ष)

तुमच्या परिस्थितीत करावे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ज्यांच्या स्कूलमध्ये रेझिडेन्सी आहे त्यांना निदान एक विभाग आतून ओळखत असतो. तुम्हाला ती ओळख बाहेर जाऊनच मिळवावी लागेल. आमच्या शाखेत अवे रोटेशन ही महिनाभर चालणारी मुलाखतच मानली जाते. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचा (डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा) निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागू लागला, त्यामुळे गुणांवरून चाळणी लावण्याचा एक मार्ग बंद झाला आणि ज्याने तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे त्याच्या शब्दाला अधिक वजन आले.

मी स्वतः तीन केली. पहिल्या रोटेशनच्या पहिल्याच आठवड्यात, रात्री आपत्कालीन विभागात मनगटाच्या फ्रॅक्चरला स्प्लिंट घालताना मी घाईघाईत गरम पाणी घेतले आणि हाताला नीट आकार देण्यापूर्वीच प्लास्टर घट्ट होऊ लागले. सीनियर रेझिडेंटने ते काढायला लावले आणि पाणी जितके गरम तितके प्लास्टर लवकर धरते, शिवाय रुग्णाच्या त्वचेला चटका बसण्याचा धोकाही वाढतो, हे मला शांतपणे समजावून सांगितले. दुसऱ्या रात्री त्याने हाक मारण्यापूर्वीच कोमट पाणी, कापसाचे रोल आणि हाताच्या लांबीनुसार कापलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या मी मांडून ठेवल्या होत्या. महिना संपताना त्याने माझ्याबद्दल अटेंडिंगना (विभागातील वरिष्ठ सर्जनांना) एवढेच सांगितले की एकदा सांगितलेली गोष्ट या मुलाला पुन्हा सांगावी लागत नाही. विद्यार्थ्याला सगळे येत असावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. उद्याच्या शस्त्रक्रियेचा अप्रोच (हाडापर्यंत पोहोचण्याचा मार्ग) तो आज रात्री वाचून येतो का आणि पहाटेच्या राउंडला त्याच्या खिशात गॉज, टेप आणि कात्री असते का, हे मात्र सगळे पाहतात.

म्हणून माझा आग्रह असा की सर्वांत आवडता विभाग पहिल्या महिन्यात घेऊ नका. टीममध्ये वावरण्याची सवय तुम्हाला अजून लागायची आहे, तेव्हा ती दुसरीकडे लागू द्या आणि आवडत्या ठिकाणी ऑगस्टमध्ये जा. ऑर्थोच्या अर्जात ३० सिग्नल मिळतात, म्हणजे तितक्या विभागांना तुमचा विशेष रस कळवता येतो. जिथे रोटेशन केले तिथे सिग्नल पाठवायला विसरू नका, कारण तो नसेल तर तुम्हाला तिथे रस उरलेला नाही असाच अर्थ घेतला जाण्याची भीती असते.

उत्तर २ (इंटर्नल मेडिसिन, हॉस्पिटलिस्ट)

हा धागा वाचणाऱ्या इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनी ऑर्थोचा हिशेब स्वतःला लावू नये, एवढ्याचसाठी लिहीत आहे. इंटर्नल मेडिसिनमध्ये बहुतेकांना अवेची गरज नसते. मी एकही केले नव्हते. विशिष्ट शहरात जाण्याचे ठोस कारण असेल तर एक करणे समजण्यासारखे आहे. इमर्जन्सी मेडिसिनचे गणित वेगळे, कारण तिथे ठरावीक नमुन्यातील ‘स्लोई’ हे मूल्यमापनपत्र लागते आणि ते रोटेशन केल्यावरच मिळते.

उत्तर ३ (निवड समितीवर काम केलेले प्राध्यापक)

पहिल्या उत्तराशी मी सहमत आहे. मात्र चौथ्या रोटेशनच्या कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात विभागांना अर्ज दिसू लागतात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये केलेल्या रोटेशनचे पत्र सुरुवातीच्या वाचनात आमच्यासमोर नसतेच. शिवाय सलग चौथ्या महिन्यात पहाटे चारला उठून आलेला विद्यार्थी किती थकलेला असतो हे आम्हाला दिसते, आणि त्या थकव्याला अनेकदा निरुत्साह समजले जाते, हा त्याच्यावर अन्याय असला तरी तसे घडते. तीन पुरेत. स्टेप टू (परवाना परीक्षेचा दुसरा टप्पा) मात्र ही रोटेशन सुरू होण्यापूर्वीच देऊन टाका. दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहून रात्री प्रश्नसंच सोडवणाऱ्यांची दोन्हीकडे ओढाताण झालेली मी पाहिली आहे.

विभाग निवडताना नावापेक्षा एक प्रश्न विचारा: सध्याच्या रेझिडेंटपैकी कितीजण विद्यार्थी असताना येथेच रोटेशनला आले होते? वर्षाला चार जागा आणि दर महिन्याला आठ पाहुणे विद्यार्थी असतील, तर त्यांतील बहुतेकांना तिथे जागा मिळणार नाही हे उघड आहे. त्याउलट पाहुणे मोजकेच घेणारा आणि त्यांतूनच निवड करणारा मध्यम आकाराचा विभाग तुमच्यासारख्या विद्यार्थ्यासाठी कितीतरी चांगला. ज्या गावात कुटुंबासह पाच वर्षे राहण्याची तुमची तयारी नाही, तिथे एक महिनाही घालवू नका.

महिना बिघडला तर काय, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्या विभागाची दारे बहुधा बंद होतात आणि मूल्यमापन तुमच्या स्कूलकडे जाते. परंतु तिथून शिफारसपत्र घेण्याचे बंधन तुमच्यावर नसते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्वतःहून ‘माझे काय चुकते आहे?’ असे सीनियर रेझिडेंटला विचारावे, म्हणजे सुधारायला निदान दोन आठवडे हातात राहतात. पत्र मागायचे ते सर्वांत मोठ्या नावाच्या सर्जनकडे नव्हे, तर ज्यांच्याबरोबर तुम्ही सर्वाधिक दिवस टेबलापाशी उभे राहिलात त्यांच्याकडे, आणि तेही समक्ष.

पैशांविषयी एकच सूचना: अनेक विभाग बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवास आणि निवासासाठी आर्थिक साहाय्य देतात, परंतु त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. व्हीएसएलओवर (अवे रोटेशनसाठी अर्ज करण्याच्या ऑनलाइन सेवेवर) अर्ज भरतानाच त्या त्या विभागाच्या समन्वयकाला याबद्दल लिहा. लसीकरणाच्या नोंदी आणि पार्श्वभूमी तपासणीची कागदपत्रेही आधीच जमवून ठेवा. त्यांच्या विलंबामुळे मिळालेला महिना हातचा गेल्याची उदाहरणे आहेत.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. काल रात्री पत्नीबरोबर ही उत्तरे वाचली आणि तीनच रोटेशन करायची असे आम्ही ठरवले. जुलैचा महिना घरापासून दोन तासांवरच्या विभागात मागणार आहे, म्हणजे सुट्टीच्या दिवशी मुलीला भेटता येईल आणि टीममध्ये वावरण्याची सवयही तिथेच लागेल. ऑगस्टसाठी आमच्या मनातील पहिल्या पसंतीचा विभाग मागू. सप्टेंबरसाठी दोन नावे डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्या रेझिडेंटना प्राध्यापकांनी सुचवलेला प्रश्न आजच ईमेलने विचारला आहे.