मदत हवी आहे: आईवडिलांना घेऊन साऊथ गोव्यात बीच रिसॉर्ट, पण पाण्यापर्यंत पोचता येईल असं

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची, सध्या पुण्यात. फेब्रुवारीत आईअण्णांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत. अण्णा 78, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, सपाट जमिनीवर काठी घेऊन व्यवस्थित चालतात पण पायऱ्या आणि वाळू म्हटलं की गडबड. आई 72, ती टणटणीत आहे. दादा हैदराबादहून येईल, मी पुण्याहून जाऊन ह्या दोघांना घेऊन मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने मडगावला उतरायचं असं ठरतंय.

आता तुम्ही म्हणाल मग अडचण काय, भरपूर रिसॉर्ट आहेत. अडचण अशी की गेल्या वर्षी आम्ही गेलो होतो आणि माती झाली. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको, पण मोठं, बीचफ्रंट, पाच स्टार, रूम 22000 रात्रीची, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 25960, तीन रात्री. रूम बुक करताना 'प्रीमियम सी व्ह्यू' असं लिहिलेलं. प्रत्यक्षात बाल्कनीतून सुरूची झाडं, स्पाचं कौलारू छप्पर आणि मान वाकडी करून बघितलं तर दोन झाडांच्या मधून निळी पट्टी. बरं ते पण चाललं असतं हो, समुद्र बघायला कुणी बाल्कनीत बसत नाही. खरी गंमत पुढे. बग्गी लॉबीपासून एका लाकडी फाटकापर्यंत जाते, तिथून पुढे वाळूची टेकडी, तिच्यावरून लाकडी वाट, वाटेला चढायला सात आणि उतरायला नऊ पायऱ्या, आणि मग मऊ वाळू, पाय घोट्यापर्यंत आत जातो अशी, आणि मग कुठे पाणी. अण्णा पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढले, वरून बघितलं, आणि म्हणाले तुम्ही जाऊन या. आई म्हणाली मग मीही नाही जात. झालं! तीन दिवस अण्णा त्या फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीवर. आसामचा पोरगा होता, त्याच्याशी मोडक्या हिंदीत त्यांच्या गावची भातशेती, म्हशी, सगळं बोलून झालं, निघताना त्या पोराला त्यांनी चिवड्याची पिशवी दिली.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, सांगली-पणजी गाडीवर कितीतरी वर्षं. मुक्कामाला पणजी स्टँडवर झोपायचे आणि पहाटे परत. समुद्रात पाय कधी घातला नाही, वेळच नव्हता म्हणतात. म्हणून हे सगळं.

बाथरूमचं वेगळंच. शॉवर बाथटबच्या आत, टबचा काठ गुडघ्याएवढा उंच, अण्णांना पाय आत टाकता येईना. मी फोन करून बादली आणि तांब्या मागितला. पंधरा मिनिटांनी एक मुलगी हसत हसत स्टीलची छोटी बादली आणि चिमटा घेऊन आली. बर्फाची! वाइनची बाटली ठेवतात ती. आई इतकी हसली की विचारू नका, पण अण्णा तीन दिवस ओल्या टॉवेलने अंग पुसून राहिले हे काय बरोबर नाही.

तर विचारायचं असं की तुमच्यापैकी कुणी गुडघेदुखीवाल्या माणसांना घेऊन साऊथ गोव्यातल्या मोठ्या रिसॉर्टमधे राहिलंय का, आणि तिथे पाण्यापर्यंत कसे पोचलात. स्पा, नाश्ता किती प्रकारचा, पूल केवढा ह्यातलं काही नको. बजेट साधारण मागच्या एवढंच. आणि बुक करायच्या आधी रिसॉर्टला नेमकं काय विचारायचं, कारण 'बीच अ‍ॅक्सेस आहे का' ला सगळे 'येस मॅम' म्हणतात.

— कृष्णाकाठची

झुआरीपार
ताई, मी गोव्यात नऊ वर्षं हॉटेल लाइनमधे होतो, फ्रंट ऑफिसला. टेकडीबद्दल रिसॉर्टवर फार रागावू नका, ती त्यांना कापता येत नाही. वेळसावपासून खाली मोबोरपर्यंत वीसहून जास्त किलोमीटर सलग वाळू आहे आणि तिच्या मागे ह्या टेकड्या, त्यावर ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल असते बघा, तिच्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते. सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम 1991 पासून आहेत, भरतीच्या रेषेपासून ठराविक अंतरात पक्कं बांधकाम चालत नाही, आणि वाळूच्या टेकड्यांना तर हातच लावायचा नाही. म्हणून 'बीचफ्रंट' लिहिलेलं असलं तरी रूम मागेच असणार आणि उंच इमारत नसल्यामुळे झाडांवरून समुद्र दिसणारच नाही. सी व्ह्यूचे जास्तीचे पैसे साऊथ गोव्यात देऊच नका, असं माझं स्पष्ट मत.

दुसरं, एकर वाचून हुरळू नका. बाणावलीचं ताज एक्झॉटिका 56 एकरवर आहे, आरोशी बीचवरचं आयटीसी (आधीचं पार्क हयात) पण तसंच ऐसपैस. हनिमूनवाल्यांना छान, पण गुडघेवाल्यांना एकर म्हणजे बग्गीची वाट बघणं. रूम मागताना 'बीचच्या बाजूची शेवटची रांग, तळमजला' असं मागायचं, सी व्ह्यू नाही. गार्डन व्ह्यूची तळमजल्याची रूम कधीकधी सी व्ह्यूपेक्षा पाण्याला जवळ असते आणि स्वस्त पण.

बादलीचं वाचून हसलो पण खरं सांगू, चूक तुमची नाही. 'अ‍ॅक्सेसिबल रूम' असा शब्द वापरा. मोठ्या हॉटेलात अशा एकदोन रूम असतात, शॉवर जमिनीला सपाट, भिंतीला धरायला दांडा. कुणी मागत नाही म्हणून त्या शेवटी कुणालाही दिल्या जातात.

कृष्णाकाठची
अय्यो, हे अ‍ॅक्सेसिबल रूमचं माहीतच नव्हतं! धन्यवाद. पण त्या मऊ वाळूचं काय करायचं?

माडाखाली
एवढे पैसे घालून गोवा कशाला, तारकर्लीला जा की. एमटीडीसीचं सुरूच्या बनात आहे, पाच मिनिटात पाणी. आणि मालवणी जेवण. आमच्या सिंधुदुर्गाला कोण विचारत नाही.

कृष्णाकाठची
तारकर्ली दोनदा झालीय, आवडते. पण ह्या वेळी दादाला आईअण्णांना 'मोठ्या हॉटेलात' ठेवायचंय, पहिल्या पगाराला बोलला होता, आता पन्नाशीला आला तरी डोक्यात तेच. आणि मऊ वाळू तिथेही आहेच ना.

वेंगुर्लेकर काका
वाळू मऊ की घट्ट हे जागेवर नाही, वेळेवर आहे. वरची कोरडी वाळू कायम मऊ. ओहोटीला पाणी मागे जातं तेव्हा जी ओली वाळू उघडी पडते ती रस्त्यासारखी, आमच्याकडे पोरं तिच्यावर सायकल चालवतात. म्हणजे तुम्हाला फक्त मधला कोरडा पट्टा ओलांडायचा आहे, पुढे अण्णा काठी घेऊन आरामात चालतील.

आता ओहोटी कधी हे कोकणात पोरालाही येतं. तिथी घ्या, शुद्ध असो की वद्य, तिची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, तुम्ही संध्याकाळी सूर्यास्त बघायला जाल तेव्हा पाणी वरपर्यंत आणि उभं राहायला फक्त उतरती मऊ वाळू. ते दिवस तुमच्या कामाचे नाहीत. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाचला, तेरस चौदसला त्याच्या थोडी आधी, पावणेचार साडेचारच्या सुमारास. शिवाय उधाणाचे दिवस, पाणी लांब मागे जातं, मोठं मैदान मिळतं. तर बुकिंग तेरस ते पौर्णिमा असं करा, किंवा अमावास्येच्या आधीचे तीन दिवस. अर्धा पाऊण तास इकडे तिकडे धरा, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

फक्त एक, पाणी लांब गेलं की तेवढं लांब चालावं लागतं. घडीची खुर्ची बरोबर ठेवा, मधे बसवा.

मरीनावाली
मी चेन्नईत असते. इथे मरीना बीचवर महापालिकेने 2022 च्या नोव्हेंबरात व्हीलचेअरवाल्यांसाठी लाकडी वाट केली, अडीचशे मीटरच्या वर लांब, अगदी पाण्याच्या जवळपर्यंत. पुढच्याच महिन्यात वादळात मोडली, मग दुरुस्त केली. माझ्या सासूबाई त्या वाटेवरून गेल्या तेव्हा रडल्या हो. सरकारी बीचवर होतं तर पंचवीस हजारवाल्यांना दोन प्लायवूड टाकायला काय होतं कळत नाही. मागून बघा, नुसतं मागायचं.

झुआरीपार
मरीनावाली बरोबर बोलल्या. पक्की वाट नाही करता येत, पण आम्ही लग्नाच्या वेळी नवरीच्या सँडल रुतू नयेत म्हणून वाळूवर चटया अंथरायचो, बँक्वेटच्या गोडाऊनमधे गुंडाळून पडलेल्या असतात. प्लायचे तक्ते पण असतात. अर्ध्या तासासाठी ते अंथरायला दोन पोरं पुरतात. हे रिझर्वेशनला नाही समजणार, 'ड्यूटी मॅनेजर' किंवा बँक्वेटच्या माणसाशी बोला, आणि 50 वी अ‍ॅनिव्हर्सरी आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. केक देतात फुकट, त्याऐवजी चटई मागा.

आणि पायऱ्यांसाठी बुकिंगच्या आधी एक काम करा. त्यांना म्हणा, रूमच्या दारापासून ओल्या वाळूपर्यंत एक सलग व्हिडिओ काढून पाठवा, ओहोटीच्या वेळी, चालत. जो पाठवेल तिथे जा. जो ब्रोशर पाठवेल त्याला सोडा. सिंकेरीला ताजचं फोर्ट अग्वादा आहे ते 1974 पासूनचं, देखणं आहे पण किल्ल्याच्या उतारावर, अण्णांना नको.

दर्यावर्दी_नाही
दादांच्या विमानाचं बघा. हैदराबादहून गोवा म्हणून शोधलं की दोन विमानतळ येतात, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा पेडण्यात, पार उत्तर टोकाला, साऊथला यायला दीड दोन तास आणि टॅक्सीचं भाडं वेगळं. आमच्या मेव्हण्याने तिकिटात हजार वाचवले आणि टॅक्सीत अडीच घालवले. ओला उबर चालत नाही, गोवामाइल्स अ‍ॅप आहे नाहीतर रिसॉर्टची गाडी, तिचा दर आधी विचारून.

कृष्णाकाठची
दादाने मोपाचंच बघून ठेवलेलं!! आत्ता फोन करून शिव्या घातल्या. अजून एक, मागच्या बिलात जेवणावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज होता, अण्णांनी कंडक्टरच्या सवयीने बोट फिरवत बिल तपासलं आणि विचारलं हे कसलं तिकीट. आम्ही लाजून भरून टाकलं. भरायलाच लागतो का तो?

हिशोबनीस
नाही. 2022 च्या जुलैत ग्राहक प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या की बिलात आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले, दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मधे त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे 'काढा' म्हणायचं. ऐकलं नाही तर 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन. सेवा आवडली तर बक्षिसी हातात द्या, त्या बग्गीवाल्याला पोचते तरी. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

माडाखाली
आणि बीच कुणाच्या बापाचा नसतो हे पण लक्षात ठेवा, 'प्रायव्हेट बीच' लिहिलं तरी. रिसॉर्टच्या वाटेला पायऱ्या असतील तर बाजूची गावाची वाट बघा, होड्या ओढायला ती सपाट असते. बाणावली, वार्का सगळीकडे अशा वाटा आहेत. गाडीने तिथपर्यंत जा.

कृष्णाकाठची
माडाखाली, हे तर कुणी सांगितलंच नसतं! मागच्या वेळी बाजूने ट्रॅक्टर होडी ओढत नेताना आईने बघितला होता, बोलली पण होती की तो कुठून गेला.

कृष्णाकाठची (नऊ दिवसांनी)
मंडळी, अपडेट. पाच ठिकाणी फोन केले. दोघांनी ब्रोशर पाठवलं. एकाने ड्रोनचा व्हिडिओ पाठवला, त्यात सूर्यास्त आणि गिटार. एकाने उत्तरच नाही. पाचव्या ठिकाणी रिझर्वेशनला कारवारकडचा पोरगा होता, मराठी कोंकणी मिसळून बोलायचा, तो स्वतः दुपारी ओहोटीला मोबाइल घेऊन चालत गेला, पावलं मोठ्याने मोजत. दारापासून फाटक 110, पायऱ्या नाहीत, उतार आहे, मग मऊ वाळू 38, मग घट्ट. मागे कुत्रं चालतंय बरोबर. अण्णांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि म्हणाले ह्या पोराचा आकडा बरोबर आहे, मी पण मोजले.

तेरस ते पौर्णिमा बुक केलं. अ‍ॅक्सेसिबल रूम एकच होती, मिळाली. केकऐवजी चटई ईमेलमधे लिहून घेतलीय, 38 पावलांची. मॅनेजरने विचारलं 'कार्पेट रेड हवंय का मॅम', मी म्हटलं कुठलंही चालेल. बादली आणि तांब्या हे पण लिहिलंय, मराठीत आणि इंग्रजीत. दादाचं तिकीट दाबोळीचं झालं. घडीची खुर्ची सांगलीतून नेतोय, आईने तिला शबनमसारखा पट्टा शिवलाय. जाऊन आले की फोटो टाकते.

झुआरीपार
बादलीसमोर 'प्लास्टिकची, आंघोळीची' असं लिहा. नाहीतर परत चिमटा येईल.