मॅकवरून भरून आलेली हार्ड डिस्क: हे लपलेले फोल्डर उडवायचे का?

पेठकर_सोलापूर:
मंडळी, जरा मदत पाहिजे. बहिणीच्या लग्नाचं शूटिंग स्टुडिओवाल्यानं आमच्याच १ टीबीच्या हार्ड डिस्कवर भरून दिलं, त्याच्याकडं मॅक आहे अन् माझ्याकडं विंडोज ११ चा लॅपटॉप. आता डिस्क जवळजवळ फुल्ल दाखवतीय, पण सगळे फोल्डर सिलेक्ट करून साईज बघितली तर ३०० जीबीसुद्धा होत नाही. हिडन आयटम्स चालू केलं तर डॉट ट्रॅशेस, डॉट स्पॉटलाइट, डॉट एफएसइव्हेंट्सडी, सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन असलं कायकाय निघालं. वर टीव्हीला लावली की हळदीची प्रत्येक क्लिप दोनदा दिसती, त्यातली एक चालतच नाही, आजी प्रत्येक वेळी "पुढचं लाव की रे" म्हणून ओरडती. एका दुकानदारानं सरळ फॉरमॅट मारा म्हणून सांगितलं. काय करू?

सातरस्ता_एडिटर:
फॉरमॅट अजिबात मारू नको बे, एकच कॉपी असंल तर लग्न गेलं म्हणून समज. जागा खाणारा डॉट ट्रॅशेसच असणार. मॅकवर बाहेरच्या डिस्कमधलं काही डिलीट केलं की ते त्याच डिस्कवरच्या डॉट ट्रॅशेसमध्ये जाऊन बसतं आणि तिकडं एम्प्टी ट्रॅश करेपर्यंत जागा मोकळी होत नाही, विंडोजच्या रिसायकल बिनला तर त्याचा पत्ताच नसतो. आत ५०१ नावाचा फोल्डर असंल, तो मॅकच्या पहिल्या युजरचा नंबर असतो. आधी उघडून बघ आत काय आहे, मग शिफ्ट दाबून डिलीट कर. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसती, त्याचं टेन्शन घेऊ नको.

बाळीवेस_बॉय:
क्लिपा दोनदा दिसतात त्याचं कारण वेगळं आहे. तुझी डिस्क एक्सफॅट (मॅक-विंडोज दोन्हीला चालणारा डिस्कचा फॉरमॅट) असणार, कारण मॅकला विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट नुसता वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. मग मॅक फाईलची जादाची माहिती डॉट अंडरस्कोअरनं सुरू होणाऱ्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, ती बहुतेक वेळा ४ केबीची असती. नाव आणि एक्स्टेन्शन व्हिडिओचंच, म्हणून टीव्ही फसतो. फोल्डरमध्ये साईजनं सॉर्ट कर, सगळ्या एका जागी येतील, नावाच्या आधी डॉट अंडरस्कोअर आहे एवढं बघून उडव. नाहीतर स्टुडिओवाल्यालाच सांग, मॅकच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) dot_clean नावाची कमांड असती, मायनस एम लावून चालवली की सगळी साफ.

विजापूररोडकर:
सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशनला मात्र हात लावू नका. तो विंडोजचा फोल्डर आहे, उडवला तरी परत येतो, आणि बाहेरच्या डिस्कवर बहुतेक त्यात दोन-चार बारक्या फाईली असतात. एनटीएफएस डिस्कला सिस्टीम प्रोटेक्शन (विंडोजचे रिस्टोअर पॉइंट साठवायची सोय) चालू केलं असेल तर तो फुगतो, ते तिथूनच बंद करायचं. स्पॉटलाइट म्हणजे मॅकच्या सर्चची यादी, ती आणि एफएसइव्हेंट्सडी (मॅकची फाईलींतल्या बदलांची नोंद) उडवले तर काही बिघडत नाही पण मॅकला लावली की पुन्हा हजर. यासाठी कुठलंही क्लीनर सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, पैसे वाया.

हुरडा_पार्टी:
धाग्यात घुसतोय, सॉरी. माझ्या पेनड्राइव्हमधले माझेच फोल्डर गायब झालेत, झेरॉक्सला देऊन आणल्यापासून नुसते शॉर्टकट दिसतात?

विजापूररोडकर:
@हुरडा_पार्टी तो शॉर्टकट व्हायरस. त्यावर डबल क्लिक करू नको, आधी विंडोज सिक्युरिटीनं स्कॅन कर. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब कमांडनं मायनस एच, मायनस आर, मायनस एस, पुढं स्लॅश एस स्लॅश डी लावून त्या ड्राइव्हवर चालव, पण ड्राइव्हचं अक्षर नीट बघून टाक, चुकून सी वर नको. फोल्डर तिथंच असतात, फक्त लपवलेले.

पेठकर_सोलापूर:
ट्रॅशेसमधल्या ५०१ मध्ये कुणाच्या तरी बारशाचं आणि एका गृहशांतीचं शूटिंग निघालं, सहाशे जीबीच्या आसपास! म्हणजे आमची डिस्क यानं गोडाऊन म्हणून वापरली की. ४ केबीवाल्या उडवल्या, टीव्हीवर आता एकेकच क्लिप दिसती.

सातरस्ता_एडिटर:
बारसं उडवायच्या आधी त्याला एक फोन कर लका, त्या घरच्यांची तेवढीच कॉपी असंल तर?

पेठकर_सोलापूर:
केला. म्हणतोय दोन्हीच्या कॉप्या आहेत, उडवा. उडवलं, ६०० च्या वर मोकळी झाली.