मदत हवी आहे: जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज
नमस्कार मंडळी. मी तासगावचा. सांगलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, चार वर्षांचे साडेतीन लाख लागतील. बँकेतले साहेब म्हणतात, सरकारी नोकरीतला जामीनदार आणा. आणू कुठून? वडील द्राक्षबागेत मजुरीला, चुलत्यांच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा, आणि मामा फोनच उचलत नाहीत. (त्यांचंही बरोबर आहे म्हणा, एकदा जामीन राहून हात पोळलेत.)

पण ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही, आई-वडील सहकर्जदार असले की पुरे, असा नियम आहे ना? मग विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला तरी शाखेत हेच ऐकवतात का? नकार लेखी मागितला तर साहेब बिथरतील का? सांगली-मिरजेत कुणी असं कर्ज काढलं असेल तर सांगा. फी भरायला पंधराच दिवस उरलेत.