पाण्यात पडलेला माणूस: सराव नौका वळवण्याचा की त्याला वर उचलण्याचा?

सुकाणूधर: शिडाच्या नौकेवरून माणूस पडल्यावर नौका कशी वळवावी हे शिकवण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या अंशानेही त्याला वर कसे घ्यावे हे शिकवण्यात जात नाही, अशी माझी तक्रार आहे. माणसाऐवजी पाण्यात टाकलेला तरंगता फेंडर (नौकेच्या कडेला टांगायची हवा भरलेली उशी) लांब दांड्याच्या आकड्याने उचलला की सराव पार पडला असे मानले जाते. पण फेंडरला वजन नसते. भिजलेल्या कपड्यांतल्या आणि गार पाण्याने बोटांची पकड गेलेल्या माणसाला कठड्यावरून ओढून घेणे दोघांनाही जमत नाही. म्हणून आधी शीड चढवण्याचा दोर आणि विंच (दोर ओढण्याचे हाताने फिरवायचे चाक) वापरून माणूस उचलायला शिकवावे, वळणे नंतर.

वारामुख: हा क्रम मला मुळीच पटत नाही. ६ नॉट (ताशी सुमारे ११ किमी) वेगाने जाणारी नौका मिनिटाला सुमारे १८५ मीटर दूर जाते आणि लाटांत तेवढ्या अंतरावरून डोके दिसेनासे होते. एकाने बोट रोखून नजर न हलवता पाहत राहावे आणि सुकाणूवरच्याने तत्काळ नौकेचे तोंड वाऱ्यातून फिरवून पुढचे शीड तसेच ठेवून उलट्या बाजूने वाऱ्याने भरू द्यावे. नौका जागीच रेंगाळते. इंग्रजी आठच्या आकड्याचे वळण जाईब (नौकेची मागची बाजू वाऱ्यातून फिरून शीड झटक्याने दुसऱ्या बाजूला जाणे) टाळते हे खरे, पण त्यासाठी आधी दूर जावे लागते, आणि तीच त्याची उणीव आहे.

दोघांचीनौका: नौकेवर दोघेच असतील तर नजर ठेवणारा, सुकाणू धरणारा आणि उचलणारा एकच असतो. अशा वेळी लांब दोराला बांधलेला तरंगता पट्टा मागे सोडून माणसाभोवती फेरी घालावी. मात्र तो दोर नौकेच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकू शकतो, तेव्हा इंजिनाची घाई नको.

सुकाणूधर: पट्टा पोहोचला तरी प्रश्न उरतोच. बराच वेळ गार पाण्यात राहिलेल्याला उभ्याने उचलले तर रक्तदाब एकाएकी घसरू शकतो, म्हणून जमल्यास काखांखाली आणि गुडघ्यांखाली असे दोन पट्टे घालून आडवे घ्यावे. श्वास अडकत असेल तर मात्र जसे जमेल तसे, पण लगेच.

वारामुख: आडवे घेण्याबद्दल वाद नाही. पण आपण ज्या दोराने उचलायला सांगता, तो मुख्य शिडाचा असेल तर ते शीड आधी उतरवावे लागते, आणि नौका माणसाजवळ थांबवता आली नसेल तर ते उतरवेपर्यंत ती पुन्हा वाहून जाते.